दापोडीची बाग आणि पाण्याचा ताण

एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात फुलझाडांच्या जलरंगचित्रांचा एक जुना संच आहे. चित्रे स्कॉटलंडमधली नव्हेत, पुण्याजवळच्या दापोडीतली. १८४७ ते १८५० या काळात ती काढली गेली. काढणारा चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता, एवढीच त्याची ओळख उरली. नाव लिहून ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही. काढवून घेणाऱ्या साहेबाचे नाव मात्र ठळक आहे. डॉ. अलेक्झांडर गिब्सन, दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक. या चित्रांत आपल्याकडची रानझाडे आहेत, तशी सातासमुद्रापलीकडून आणून दख्खनच्या मातीत जगवलेलीही आहेत. नोल्टी नावाच्या वनस्पती-अभ्यासकाने २००२ साली ‘द दापुरी ड्रॉइंग्ज’ हे पुस्तक काढले, तेव्हा कुठे या बागेची आठवण जगाला झाली. पुण्याला ती अजूनही फारशी नाही. दापोडी म्हटले की लोकल थांबते ते स्टेशन आणि एसटीचे वर्कशॉप, इतकेच डोळ्यांपुढे येते.

बागेसाठी जागा निवडली ती मोठी विचित्र. पुण्याचा पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबर. पश्चिमेला साठ-पासष्ट किलोमीटरवर लोणावळ्यात हाच आकडा चार हजारांच्या पुढे जातो. पूर्वेला बारामती-इंदापूरकडे सरकावे तसा पाचशेपर्यंत उतरतो. दापोडी या दोहोंच्या मध्ये, पण कल कोरड्या अंगाला. फेब्रुवारी लागला की हवेतला ओलावा उडतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी कोवळ्या पानाची कड बघता बघता करपते. ब्राझील, मेक्सिको, मादागास्कर, ब्रह्मदेश इथली फुलझाडे या हवेत वाढवायची म्हणजे एक तर हट्ट हवा, नाही तर पाणी. साहेबाकडे दोन्ही होते.

दापोडीचा बंगला मुळात कॅप्टन फोर्डचा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी जी कवायती पलटण होती तिचा हा अधिकारी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा हीच पलटण दापोडीहून निघाली आणि इंग्रजांच्या बाजूने जाऊन उभी राहिली. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांनी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने ती मिळकत सरकारसाठी घेतली. पावसाळ्यात गव्हर्नरने पुण्याकडे येऊन राहायचे, तर बंगला हवाच होता. बंगल्याभोवती जमीन होती, पायथ्याशी पवना होती. १८२८ मध्ये तिथे वनस्पती-उद्यान सुरू झाले.

नदी पायथ्याशी असली तरी पाणी आपण होऊन चढ चढत नाही. त्या काळी पाणी उपसायचे म्हणजे मोट. धावेवर बैल पुढे सरकायचे, कातड्याची मोट वर यायची, थारोळ्यात ओतायची. तिथून पाटाने वाफ्यात, वाफ्यातून आळ्यात. पाटाच्या टोकाला दारे धरणारा गडी उभा. एका आळ्याचे तोंड बंद करून दुसऱ्याचे उघडायचे, ते फावड्याच्या एका फटक्यात. उन्हाळ्यात हे काम पहाटेच सुरू व्हायचे, कारण ऊन चढल्यावर दिलेले पाणी निम्मे वाऱ्यावर जाते. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात अधीक्षकांची नावे येतात, जहाजांची येतात, लंडनहून आलेल्या पत्रांच्या तारखा येतात. मोटकरी कुठेच येत नाही. त्या चित्रांमधली परदेशी फुले मात्र त्याच्या बैलांनी जगवलेली आहेत.

विल्यमसन, त्याच्यानंतर डॉ. चार्ल्स लश, आणि १८३८ पासून गिब्सन, असा अधीक्षकांचा क्रम. गिब्सन कंपनीचा डॉक्टर. सरकारला फुलांचे कौतुक बेताचेच. बागेने कापसाच्या, उसाच्या नव्या जाती करून दाखवाव्यात आणि सैन्याच्या इस्पितळांना औषधी वनस्पती पुरवाव्यात, ही अपेक्षा. गिब्सनने जुन्नरजवळ हिवऱ्याला दुसरी बाग धरली आणि तिथून खुरासनी ओव्यासारख्या वनस्पतींचे अर्क सरकारी औषधभांडाराला पाठवले. शोभेची झाडे हा या हिशेबातला वरखर्च. तरी तो वरखर्च झाला, आणि कापसाच्या प्रयोगांपेक्षा जास्त टिकला.

परदेशी फुलझाडे दख्खनला काही साहेबाने पहिल्यांदा दाखवली नाहीत. त्याच्या फार आधी पोर्तुगीजांची गलबते गोव्याला लागत होती. १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती गेला आणि एका टोकाला अमेरिका, दुसऱ्या टोकाला कोकण किनारा अशी वाहतूक सुरू झाली. काजू, पेरू, मिरची, अननस यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या मागोमाग फुलेही आली: झेंडू मेक्सिकोचा, निशिगंध मेक्सिकोचा, गुलबक्षी अमेरिकेच्या उष्ण भागातली. शास्त्रीय नाव नाही, वही नाही, अधीक्षक नाही. कुणी तरी मूठभर बी कनवटीला लावून घाट चढला आणि देशावर पेरले. दसऱ्याचे तोरण आज मेक्सिकोच्या फुलावाचून होत नाही, याचे कुणाला काही वाटतही नाही.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. यातले जवळजवळ प्रत्येक झाड अशा मुलखातले आहे, जिथे वर्षातले काही महिने पाऊस पडतच नाही. गुलबक्षीची जमिनीवरची फांदी वाळून गेली तरी खाली जाड मूळ शाबूत असते. पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा उठते. निशिगंध कंदातून येतो. झेंडू तर चार महिन्यांत आपला कारभार आटोपून बी मागे ठेवतो. म्हणजे उष्ण कटिबंध म्हणजे बारमाही ओलेचिंब जंगल, ही समजूतच मुळात अर्धी. उष्ण कटिबंधात कोरडी रानेही आहेत आणि तिथल्या झाडांना दख्खनचा उन्हाळा म्हणजे ओळखीचाच पाहुणा.

चाफ्याचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. देवळांच्या आवारात, दर्ग्यांच्या अंगणात, ख्रिस्ती कबरस्तानांत, किल्ल्यांवरच्या पडक्या वाड्यांपाशी जो पांढरा, मध्ये पिवळट चाफा दिसतो, तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मगुरू-वनस्पतिज्ञाच्या नावावरून त्याला प्लुमेरिया म्हणतात. तो इतका मुरला आहे की त्याला परका म्हणणे लोकांना रुचत नाही. खरा इथला तो सोनचाफा, सह्याद्रीच्या ओल्या रानातला. गंमत अशी की हा घरचा सोनचाफा सोलापूर-पंढरपूरकडे नेला तर त्याला सावली लागते, पाणी लागते, शिवाय मालकाचा जीव टांगणीला लागतो. परदेशी चाफा मात्र त्याच गावात मारुतीच्या देवळामागे, मुरमात, कुणी पाण्याचा तांब्या न घालताही उभा असतो.

तो तसा उभा राहतो याला कारणे आहेत. हिवाळ्यात तो पाने टाकून देतो, म्हणजे पानांतून पाणी उडण्याचा प्रश्नच मिटतो. उरतात त्या जाड, मांसल फांद्या. पाणी साठते त्यांतच. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, आणि माळी लोक या चिकाला मान देतात. तोडलेली फांदी ते लगेच मातीत खुपसत नाहीत. सावलीत आठ-पंधरा दिवस पडू देतात, कापाच्या तोंडावर चीक सुकून खपली धरते, मग लावतात. ओला काप लावला तर फांदी कुजते. एखादे झाड लावण्यापूर्वी दोन आठवडे मुद्दाम कोरडे ठेवायचे, हे शहाणपण पुस्तकातून आलेले नाही.

गुलमोहराचीही कथा याच वाटेने जाते. तो मादागास्करचा, तिथल्या कोरड्या पानझडी रानांचा. बोजेर नावाच्या वनस्पतिज्ञाने त्याची माहिती पाठवली आणि १८२९ मध्ये इंग्लंडच्या ‘बोटॅनिकल मॅगझिन’मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुढच्या काही दशकांत मॉरिशसमार्गे तो हिंदुस्थानात पसरला. आता साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो. मादागास्करहून आलेल्या झाडाचा सोहळा महाराष्ट्र दिनाच्या दिवशी. नीलमोहर अर्जेंटिना-बोलिव्हियाकडचा, पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या रस्त्यांवर मार्च-एप्रिलमध्ये पाने गळालेल्या फांद्यांवर तो निळाजांभळा होतो. दोघांनाही उन्हाळा हा फुलण्याचाच हंगाम.

याच्या अगदी उलट टोकाला उर्वशी. १८२०च्या दशकात ब्रह्मदेशात, मार्तबानच्या बाजूला, कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख नाथानिएल वॉलिक याने हे झाड पाहिले आणि गव्हर्नर जनरलच्या पत्नीच्या नावावरून त्याला अ‍ॅम्हर्स्टिया नाव दिले. लाल-पिवळ्या फुलांचे खाली लोंबणारे घोस. फुलझाडांत तिच्याइतके देखणे दुसरे नाही, असे म्हणणारे वनस्पतिज्ञ पुष्कळ. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत ती आहे आणि फुलते, कारण तिथे समुद्राचा ओलावा आहे. घाट चढून पुण्याला आल्यावर ती रुसते. आळ्यात हवे तितके पाणी ओता, पण झाडाला हवे असते ते हवेतले पाणी, आणि ते मोटेने ओढता येत नाही. सरसकट नियम मात्र करता येत नाही. कैलासपती हा दक्षिण अमेरिकेच्या सदाहरित जंगलातला. खोडालाच फुले लागणारा हा वृक्ष पुण्यात बऱ्यापैकी रमला आहे. झाडे कधी कधी शास्त्राचे ऐकत नाहीत.

पुढे पुण्याचे पाणीच बदलले. मुळा-मुठेवर सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या मोठ्या देणगीतून १८५०च्या सुमारास बंधारा झाला आणि त्याच्या काठी बंड गार्डन आली. १८६९ ते १८७९ या काळात कर्नल फाईफच्या देखरेखीखाली खडकवासल्याचे धरण बांधले गेले. तलावाला नावही लेक फाईफ. कालवा काढला तो दुष्काळी पूर्वभागाच्या शेतीसाठी, पण जाता जाता तो लष्कराच्या हद्दीवरून गेला. बंगल्यांच्या आवारात पाणी खेळले. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची स्थापना १८३० ची. तिच्याकडच्या एम्प्रेस गार्डनला या कालव्याचा शेजार लाभला. तिथले अजस्र वड आणि झाडावरून झाडावर गेलेल्या दोराएवढाल्या वेली पाहिल्या की आपण कोरड्या पठारावर उभे आहोत हे विसरायला होते. ते विसरायला लावणे, हाच त्या काळच्या साहेबी बागेचा उद्देश होता. वाळ्याचे पडदे, नेच्यांची सावलीघरे, दिवसातून दोनदा शिंपण. एवढा खटाटोप कशाला, तर पुण्यात बसून सिलोनचा भास व्हावा म्हणून.

दापोडीच्या नशिबी मात्र हे पाणी नव्हते. गिब्सनला १८४७ मध्येच मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक नेमले होते. दोन्ही कामे सांभाळत १८६० मध्ये तो मायदेशी गेला. पुढच्याच वर्षी वनस्पतिज्ञ डॅलझेल आणि गिब्सन या दोघांचे ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध झाले. त्याला बाहेरून आलेल्या झाडांची एक पुरवणी जोडलेली आहे. दरम्यान गव्हर्नर बार्टल फ्रिअरने गणेशखिंडीत नवा राजवाडा बांधायला घेतला (आजचे विद्यापीठ), आणि १८६५च्या सुमारास दापोडीची मिळकत सरकारने सोडून दिली. बाग गणेशखिंडीत गेली. तिथले वनस्पती-उद्यान १८७३ पासूनचे. जॉर्ज मार्शल वुड्रोने ते सांभाळले. हिंदुस्थानातल्या बागकामावरचे त्याचे पुस्तक पुढे अनेक आवृत्त्यांतून गेले. गणेशखिंडीच्या या बागेला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. दापोडीच्या बागेला कुठलाही दर्जा मिळण्याचा प्रश्न नव्हता.

या साऱ्या मंडळींत उशिरा आलेली, आणि सगळ्यांना मागे टाकणारी, म्हणजे बोगनवेल.

१७६७ मध्ये बूगेनव्हिलची फ्रेंच जहाजे रिओ दि जानेरोला थांबली. जहाजावर फिलिबेर कॉमर्सन हा वनस्पतिज्ञ होता आणि त्याच्याबरोबर पुरुषवेशात वावरणारी त्याची मदतनीस, जान बारे. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. त्या मुक्कामात गोळा झालेल्या वेलीला कप्तानाचे नाव मिळाले. हिंदुस्थानात ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. नात्याने ती आपल्या गुलबक्षीची बहीण, एकाच कुळातली. रंगीत दिसते ती पाकळी नव्हेच. ती कागदासारखी कोरडी छदे असतात आणि खरे फूल म्हणजे त्यांच्या मधली बोटभरही नसलेली पांढरट नळी. पाकळ्या नाजूक, रसदार. उन्हात मान टाकतात. छदात रसच बेताचा, त्यामुळे एप्रिलच्या झळांत ती आठवडेच्या आठवडे तशीच राहतात.

या वेलीचे एक वर्म आहे, आणि ते दख्खनच्या माळ्याला शिकवावे लागले नाही. भरपूर पाणी दिले की ती पाने काढते, काटेरी फोक काढते, छपरावर चढते आणि फुलायचे विसरते. पाणी तोडले की घाबरून फुलते. महाराष्ट्रातल्या बागाईतदाराच्या बोलीत याला ‘ताण देणे’ म्हणतात. मोसंबी, डाळिंब, पेरू यांच्या बागा आपल्याकडे ताणावरच धरल्या जातात. आंबे बहार घ्यायचा तर पावसाळ्यानंतर थंडीत पाणी बंद. मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात. हलक्या मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत वेळ लागतो. पाने पिवळी पडून गळू लागली की ताण पुरा झाला. मग चाळणी, खत, हलके आंबवणीचे पाणी, आणि थोड्याच दिवसांत फांद्या फुलांनी भरतात. मोगऱ्याचेही तेच: थंडीत पाणी तोडून छाटणी, आणि उन्हाळ्यात बाजारात गजरे.

हा ताण किती द्यायचा, यातच सारे कसब. चार दिवस कमी पडले तर झाड पालवीकडे वळते, आठवडा जास्त झाला तर फांदी वाळते. जुना बागवान पानाची लकाकी बघतो, ते हातात चुरगाळून बघतो, बुंध्याशी खुरप्याने बोटभर उकरून माती नाकाशी नेतो. बोगनवेल आली तेव्हा हे ज्ञान इथे तयारच होते. साहेबाने परदेशी फुलझाड म्हटले की पाण्याची सोय पाहिली. माळ्याने नळ कधी बंद करायचा ते पाहिले. माझ्या मते दख्खनमधल्या परदेशी फुलांच्या यशाचे अर्धे श्रेय या दुसऱ्या हिशेबाचे, आणि तो हिशेब कुठल्याही वार्षिक अहवालात नोंदलेला नाही.

विसाव्या शतकात बोगनवेलीला संशोधकही भेटले. १९४९ मध्ये कलकत्त्यात ‘मेरी पामर’ ही जात पुढे आली. एकाच वेलीवर पांढरे आणि किरमिजी असे दोन रंग. दिल्लीत कृषिशास्त्रज्ञ बी. पी. पाल यांनी, लखनऊला वनस्पती-उद्यानातल्या मंडळींनी नव्या जाती काढल्या. दख्खनवर मात्र तिचा प्रसार झाला तो दुष्काळांमुळे. १९७२ नंतर पाण्याची चणचण हा शहरांचाही कायमचा विषय झाला आणि बागेत काय लावायचे हे टँकर ठरवू लागले. महामार्गाच्या दुभाजकावर आज कण्हेर आणि बोगनवेल दिसतात ती सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे. एकीला विषामुळे आणि दुसरीला काट्यांमुळे शेळी तोंड लावत नाही, आणि दोघींना टँकर आठवडाभर चुकला तरी चालतो.

साहेबाची वाटही मात्र मिटलेली नाही, तिचे फक्त रूप बदलले. तळेगावला एमआयडीसीच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये आणि मावळभर पॉलिहाऊसची पांढरी छपरे दिसतात. आत जरबेरा, गुलाब. कुठे सावलीजाळीखाली कोलंबियाकडचे अँथुरियम. फॉगर सुरू झाले की क्षणात धुके भरते, एका भिंतीला ओले पॅड, समोरच्या भिंतीला पंखे. उर्वशीला जे पाणी देता आले नव्हते ते, हवेतले पाणी, आता वीजबिल भरून मिळते. वीज गेली की मात्र मालकाची धावपळ बघण्यासारखी असते. उन्हाळ्यात तासाभरात आतला पारा चढतो.

सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या परिसरात रोपवाटिकांची रांग आहे. तिथे थायलंडकडचे रंगीबेरंगी चाफे मिळतात, आफ्रिका-अरबस्तानच्या कोरड्या मुलखातले फुगीर बुंध्याचे अडेनियम मिळते, आणि कुंड्यांतल्या बोगनवेली तर रस्त्यावरूनच दिसतात. विक्रीच्या हंगामाआधी त्यांना ताण दिलेला असतो, म्हणून पान दिसू नये इतका रंग. शहरातले गिऱ्हाईक भाळते, कुंडी गॅलरीत नेते, कौतुकाने रोज पाणी घालते. महिन्याभरात रंग झडतो, फोक वाढतात, आणि माणूस तक्रार घेऊन परत येतो. रोपवाटिकेतला माळी कुंडीकडे बघतही नाही. “पाणी रोज घालता का?” एवढेच विचारतो.